पत्र्याच्या डब्यातला रुपया किती रुपयांचा?

उपनगरांत सध्या जुन्या चाळी आणि तीन मजली सोसायट्या पाडून टॉवर उभे राहत आहेत. अंधेरी, जोगेश्वरी, कुर्ला, घाटकोपर, कुठेही जा. घर रिकामे करताना माळ्यावरची ट्रंक खाली येते. तिच्यात नानीचे पितळी पानदान निघते, पिवळा पडलेला निकाहनामा निघतो आणि तळाशी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात नाणी निघतात. काही काळवंडलेली, काहींवर राणीचा मुखवटा, काहींवर उर्दूसारखे काहीतरी लिहिलेले. मग घरात एकच प्रश्न विचारला जातो, याचे किती येतील?

या प्रश्नाची दोन उत्तरे लगेच मिळतात. एक मोबाइलवरच्या व्हिडिओतून, की असे नाणे असेल तर तुम्ही करोडपती. दुसरे नाक्यावरच्या सराफाकडून, की चांदीचा भाव अमुक, घट वजा करून तमुक. पहिले उत्तर जवळपास नेहमीच खोटे असते. दुसरे खोटे नसते, पण अपुरे असते आणि बहुतेक घरांचे खरे नुकसान त्यातच होते. नाण्याची किंमत ठरते कशी, हे समजायला थोडे मागे जावे लागेल, कारण हा धंदा मोबाइलपेक्षा फार जुना आहे.

‘सराफ’ हा शब्द अरबी. सर्राफ म्हणजे नाणी पारखून त्यांची अदलाबदल करणारा. ‘सिक्का’ही अरबी, ‘किंमत’ही तिथलीच, ‘मोहोर’ फारसी. नाण्यांवर जो ‘जर्ब’ शब्द दिसतो त्याचा अर्थ ठोकणे, घाव घालणे. ‘जर्ब सुरत’ म्हणजे सुरतेला पाडलेले नाणे. मराठीत आपण जी ‘जरब बसवतो’ ती हीच. नाणे ‘खणखणीत’ आहे असे आपण म्हणतो, तेही सराफाने ते दगडावर वाजवून पाहिल्यावर. मराठीचा निम्मा बाजार या शब्दांवर चालतो आणि ते परके आहेत असे कुणाला वाटतही नाही.

मुघल काळात सराफाच्या हिशेबात रुपयाचे तीन वर्ग असत. त्याच साली टांकसाळीतून निघालेला तो ‘सिक्का’, त्याच बादशाहाचा पण आधीच्या सालचा तो ‘चलनी’ आणि आधीच्या बादशाहांच्या काळातला तो ‘खजाना’. सगळ्यांत चांदी जवळपास तेवढीच, पण किंमत उतरत्या क्रमाने. जुन्या रुपयावर बट्टा कापला जाई. वापरात झिजून वजन घटते हे त्यामागचे एक कारण. दुसरे असे की टांकसाळीत जुनी नाणी पुन्हा नवी करून घ्यायला लोकांना भाग पाडले की सरकारला त्यावर शुल्क मिळे. म्हणजे त्या काळी नाणे जितके जुने तितके स्वस्त. आज आपण धरून चालतो की जितके जुने तितके महाग. हा समजही चुकीचाच आहे. दोन हजार वर्षांपूर्वीची तांब्याची कितीतरी नाणी आज एका जेवणाच्या पैशात मिळतात आणि १९३९ सालच्या एका रुपयासाठी लोक लाखोंत बोली लावतात.

नाण्याला मोल येते ते कुणाचा तरी त्यावर भरवसा असतो म्हणून. ही गोष्ट मुंबईत ईस्ट इंडिया कंपनी फार महागात शिकली. १६७२ मध्ये गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियरने मुंबई बेटावर टांकसाळ सुरू केली. सोन्याच्या नाण्याला ‘कॅरोलिना’, चांदीच्याला ‘अँग्लिना’, तांब्याच्याला ‘कॉपरून’ आणि कथलाच्याला ‘टिनी’ अशी नावे दिली. १६७६ मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने टांकसाळीचा परवाना दिला आणि पुढच्या साली इंग्रजी अक्षरांत मुंबईचा रुपया म्हणवणारे नाणे निघाले. पण बेटाबाहेर ही नाणी कोण घेणार? सुरतेच्या व्यापाऱ्याला इंग्लंडचा राजा माहीत नव्हता. मग सतराव्या शतकाच्या शेवटी कंपनीने फारसी लिपीत, मुघल रुपयाच्या धर्तीवर, पण आपल्या राजाराणीच्या नावाने रुपये पाडले. ते आलमगीर औरंगजेबाच्या दरबारात चांगलेच खटकले. खाफीखानाने आपल्या इतिहासात इंग्रजांच्या ज्या आगळिकी नोंदवल्या आहेत, त्यांत त्यांनी आपल्या राजाच्या नावाने नाणे पाडले हीही आहे. नाण्यावर नाव आणि खुतब्यात नाव या सार्वभौमत्वाच्या दोन खुणा मानल्या जात, त्यामुळे हा राग समजण्यासारखा होता.

अखेर १७१७ मध्ये बादशाह फर्रुखसियरच्या फर्मानाने कंपनीला मुंबईत बादशाहाच्या नावाचे रुपये पाडायची मुभा मिळाली. टांकसाळ इंग्रजांची, नाव दिल्लीच्या बादशाहाचे, लिपी फारसी. आणि गंमत पाहा, इंग्रज कागदावर ‘बॉम्बे’ लिहीत होते, पण त्यांच्याच रुपयावर फारसी अक्षरांत टांकसाळीचे नाव होते ‘मुंबई’. शहराच्या नावावरून झालेल्या राजकारणात हा रुपया कुणी पुरावा म्हणून काढल्याचे मी ऐकले नाही.

हे झाले बेटाचे. आजची उपनगरे त्या बेटावर नव्हतीच. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही सगळी माहीमच्या खाडीपलीकडच्या साष्टी बेटातली गावे. तिथे १५३४ च्या तहाने गुजरातच्या सुलतान बहादूरशाहाकडून पोर्तुगीजांकडे सत्ता गेली, १७३७-३९ च्या मोहिमेत ती मराठ्यांकडे आली आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे घेतले. त्याहून कितीतरी आधीची, कलचुरी राजा कृष्णराज याची चांदीची छोटी नाणीही साष्टीत सापडली आहेत. म्हणजे इथल्या जुन्या घरात, शेतात किंवा विहिरीच्या गाळात एकाच जागी गुजरात सल्तनतीचे तांबे, पोर्तुगीजांचे कथलाचे बुजरुक, शिवराई आणि कंपनीचा पैसा हाती लागू शकतो. उपनगरांना इतिहास नाही असे म्हणणाऱ्यांनी इथल्या मातीतली चिल्लर पाहावी.

मराठी माणसाला सगळ्यात जास्त चकवते ते मराठ्यांचे चांदीचे नाणे. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर छत्रपती शिवाजी महाराजांनी देवनागरीत सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई काढली. आपण स्वतंत्र राजे आहोत ही ती घोषणाच होती. शिवराई पुढे पेशवाई संपेपर्यंत आणि नंतरही चालत राहिली. त्यामुळे आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक शिवराया महाराजांच्या हयातीतल्या नाहीत आणि विक्रेता तसे सांगत असेल तर त्याने ते सिद्ध करायला हवे. पण पेशवेकाळात मराठ्यांच्या टांकसाळींतून जो चांदीचा रुपया निघाला तो फारसीत, मुघल बादशाहाच्या नावाने. पुण्याच्या रुपयावर ‘मुहियाबाद पूना’, नाशिकच्या रुपयावर ‘गुलशनाबाद’ आणि होळकरांच्या चांदवडच्या रुपयावर ‘जाफराबाद उर्फ चांदोर’ असे लिहिलेले असते. मुहियाबाद हे पुण्याला औरंगजेबाने दिलेले नाव. ते पुसून टाकणे पेशव्यांना अवघड नव्हते, तरी त्यांनी ते नाण्यावर राहू दिले. गावच्या बाजारात तांब्याची शिवराई चालत होती, पण दिल्ली, सुरत, बनारसच्या पेढ्यांवर चालायचे तर बादशाहाच्या नावाचाच रुपया लागे. त्यांनी भावना तांब्यावर आणि व्यवहार चांदीवर ठेवला. आज इतिहासाचा हिशेब फक्त तलवारीने मांडणाऱ्यांना हा रुपया अडचणीचा वाटतो, म्हणून तो पुस्तकांत फारसा दिसत नाही. के. के. महेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांनी मराठ्यांच्या टांकसाळींवर अख्खा ग्रंथ लिहिला, तो नाशिकजवळच्या अंजनेरीच्या नाणकशास्त्र संस्थेने १९८९ मध्ये छापला. पण तो इंग्रजीत आहे.

आता किमतीकडे येऊ. असा रुपया ट्रंकेत निघाला की घरचे म्हणतात ‘मुघल नाणे आहे’, कारण वर शाह आलम लिहिले आहे. जाणकार व्यापारी तो शाह आलमचा साधा रुपया म्हणून घेतो आणि मराठ्यांच्या अमुक टांकसाळीचा म्हणून विकतो. या दोन किमतींमधला फरक केवळ वाचनाचा असतो. हाताने ठोकलेल्या नाण्यात ठसा चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे मजकुराचा एखादा भाग कडेला कापला जाई. ज्या नाण्यावर टांकसाळीचे नाव आणि साल पूर्ण उमटले आहे ते त्याच जातीच्या दुसऱ्या नाण्यापेक्षा नेहमी वरचढ. बारीक खुणाही पाहाव्या लागतात. हत्तीचा अंकुश असेल तर तो अंकुशी रुपया.

ही लिपी वाचणारी माणसे आपल्या घरात अजून आहेत. जिने उर्दू शाळेत चार यत्ता काढल्या ती खाला ‘जर्ब’ आणि हिजरी सालाचे आकडे सहज वाचू शकते. नाण्याची किंमत काढायला मुलगा फोटो काढून अनोळखी लोकांना पाठवतो, पण शेजारच्या खोलीत बसलेल्या खालाला विचारायचे त्याच्या मनातही येत नाही.

साल वाचता आले तरी सावध राहावे. उदाहरण म्हणून मुंबईकरांच्या डब्यात हमखास निघणारा एक रुपया घेऊ. एका बाजूला ‘सिक्का मुबारक बादशाह गाजी शाह आलम’ आणि १२१५, दुसऱ्या बाजूला ‘जर्ब सुरत’, जुलूस ४६. जुलूस म्हणजे तख्तावर बसल्यापासूनचे वर्ष. हिजरी सन इसवीत आणायचे तर ०.९७ ने गुणून ६२२ मिळवा, १२१५ चे येतात १८०० किंवा १८०१. पण शाह आलम गादीवर आला ११७३ मध्ये, म्हणजे १२१५ ला त्याचे ४३ वे वर्ष हवे, ४६ वे नव्हे. दोन्ही आकड्यांचा मेळच बसत नाही. कारण हे साल गोठवलेले आहे. बादशाह १८०६ मध्ये वारला तरी कंपनी तेच नाव आणि तेच साल ठोकत राहिली. मुद्दाम, कारण साल बदलले नाही तर सराफ जुन्यावर बट्टा कापणार कसा? फोर्टातली वाफेच्या यंत्राची टांकसाळ १८२९ मध्ये पूर्ण झाली, तेव्हा तिथेही हाच ‘सुरतेचा’ रुपया निघाला. नाणे अगदी गोल, कड नीट आणि अक्षरे एकसारखी असतील तर ते यंत्राचे. मेलेला बादशाह, दुसरेच शहर आणि खोटे साल, तरीही चांदी अस्सल. हे नाणे भरपूर निघाले, म्हणून त्याला फार किंमत नाही. ‘दोनशे वीस वर्षांचे सुरतेचे मुघल नाणे’ म्हणून ते महागात विकणारे मात्र खूप आहेत.

राणी व्हिक्टोरियाच्या रुपयातही हाच प्रकार आहे. १८६२ साल लिहिलेला रुपया १८७४ पर्यंत पाडला जात होता आणि मुंबईच्या टांकसाळीने खरे वर्ष ओळखायला बारीक ठिपके टाकले. ठिपके मोजणारा गिऱ्हाईक वेगळी किंमत देतो. न मोजणाऱ्याला सगळे १८६२ सारखेच.

चांदीचा हिशेब तरी सगळ्यांना यायला हवा, कारण सराफाकडे फसगत तिथेच होते. १८३५ पासूनचा कंपनीचा आणि पुढे राणी-राजांचा रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, आणि त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी. शुद्ध चांदी साधारण १०.७ ग्रॅम. हेच वजन म्हणजे जुना तोळा, म्हणून आजीच्या काळी तराजूत वजन म्हणून रुपयाच ठेवत. आजचा बाजारातला तोळा मात्र १० ग्रॅमचा. ‘एक रुपया एक तोळा’ असे म्हणत कुणी दहा ग्रॅमचे पैसे हातावर ठेवले तर वजनातच सातवा हिस्सा गेला. दुसऱ्या महायुद्धात चांदी दडवली जाऊ लागली, तेव्हा १९४० ते १९४५ च्या रुपयात चांदी निम्म्यावर आणली गेली आणि उरलेल्यात तांबे, निकेल, जस्त. १९४७ चा रुपया तर निव्वळ निकेलचा. लोहचुंबक लावा, चिकटेल. ‘स्वातंत्र्याच्या सालचा’ म्हणून लोक तो जपतात ते ठीक, पण त्यात चांदी शोधू नये. मघाशी उल्लेख केलेला मुंबई टांकसाळीचा १९३९ चा रुपया दुर्मीळ झाला तो याच धांदलीत, कारण जुन्या कसाचे ते रुपये बहुतेक वितळवले गेले. त्यामुळे शेवटचा आकडा कोरून बदललेले नकली १९३९ ही बाजारात फिरतात. असा रुपया निघालाच तर आधी भिंगातून तो आकडा पाहावा.

दुर्मिळतेला नेहमीच पैसे मिळतात असेही नाही. १९११ मध्ये पंचम जॉर्जचा पहिला रुपया आला. राजाच्या झग्यावरच्या पदकमाळेत एक छोटा हत्ती होता, पण त्याची सोंड इतकी तोकडी कोरली होती की तो डुकरासारखा दिसे. मुसलमानांत कुजबूज सुरू झाली. १८५७ च्या काडतुसांची आठवण असलेल्या सरकारने नाणे मागे घेतले आणि १९१२ पासून हत्तीला ठळक सोंड आली. कलकत्ता आणि मुंबई मिळून सुमारे ९४ लाख रुपये पाडले होते, त्यातले बहुतेक वितळवले गेले. तरीही उरलेले पुष्कळ असावेत, कारण ते बाजारात सहज दिसतात. साध्या रुपयापेक्षा बरी किंमत येते, पण डोळे विस्फारावे अशी नाही. माझ्या मते मात्र हा रुपया कुणी विकू नये. सामान्य मुसलमानाच्या नाराजीने साम्राज्याला नाणे बदलावे लागल्याचा असा पुरावा तळहातावर मावतो.

मराठवाड्यातून आलेल्या घरांत चारमिनारचा रुपया निघतो, निजामाचा. त्याची किंमत ठरवताना कमानीच्या मधोमध पाहावे. ‘मीम’ असेल तर महबूब अली खान, ‘ऐन’ असेल तर उस्मान अली खान. एका अक्षरावर नाण्याचा काळ ठरतो.

नाण्याला सर्वांत मोठा फटका मात्र घरातच बसतो. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी विकायला नेण्याआधी सगळी नाणी चिंच आणि राखेने लख्ख घासली. इतक्या वर्षांत चढलेली काळपट झाक निघून गेली आणि संग्राहकाने हातात घेताच ठेवून दिली. त्यांना चांदीचाच भाव मिळाला. घासलेले, कडी लावलेले, भोक पाडून माळेत ओवलेले नाणे संग्रहासाठी जवळजवळ निकामी. पुतळ्यांच्या माळेतली सोन्याची ‘पुतळी’ मुळात व्हेनिसच्या डुकाटवरून आली, पण माळेत गेली की ती दागिना. दागिना म्हणून तिची किंमत उत्तम, नाणे म्हणून नाही.

फसवणुकीचेही रूप आता बदलले आहे. जुने नाणे लाखोंत घेतो असे सांगून आधी नोंदणी फी, कमिशन, कर असे पैसे मागतात आणि रिझर्व्ह बँकेचे नाव आणि चिन्ह वापरतात. ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेने जाहीर केले की जुन्या नाण्या-नोटांच्या खरेदी-विक्रीशी आपला काही संबंध नाही आणि आपण असली फी कधीच मागत नाही. आपल्यासाठी खास सापळे वेगळे असतात. ७८६ नंबरची नोट, कलम्याचे नाणे. ७८६ हा छापखान्यातला क्रमांक, तो प्रत्येक मालिकेत येतो. कुणी हौसेने जास्त देईल तर देईल. कलमा अकबर आणि शाहजहानच्या रुपयांवर खरोखर आढळतो, पण औरंगजेबाने तो नाण्यावर घालणे बंद केले होते, कारण नाणे कुठल्याही हातात, कुठल्याही जागी जाते. म्हणून ‘औरंगजेबाचा कलम्याचा रुपया’ कुणी दाखवला तर तिथेच उठावे. हिंदू शेजाऱ्यांना रामदरबारचा किंवा हनुमानाचा ‘ईस्ट इंडिया कंपनी, एक आणा, १८१८’ विकतात, तोही कंपनीने कधी पाडलेला नाही. भोळेपणाचा धंदा सर्वधर्मसमभावाने चालतो.

कायद्याच्या दोन गोष्टी. जमिनीत सापडलेला, दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. आणि शंभर वर्षांहून जुनी नाणी खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत. आखातातला मामा ‘येताना दोन रुपये घेऊन ये’ म्हणाला, तरी विमानतळावर ती चूक महागात पडेल.

डबा वाटून घेण्याच्या वेळी मी जे पाहिले आहे तेही सांगायला हवे. बापाच्या मागे मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा, हे सगळ्यांना तोंडपाठ असते. फ्लॅट, दुकान यांचा हिशेब होतो. डबा मात्र ‘चिल्लर आहे’ म्हणून मोठ्या भावाकडे राहतो किंवा वजनावर चांदीचा भाव धरून बहिणीला पैसे दिले जातात. त्यात १९३९ चा एखादा रुपया किंवा टांकसाळीचे नाव पूर्ण उमटलेला गुलशनाबादी असेल तर बहिणीचा हक्क तराजूतच बुडाला. जकातीचेही तसेच. साडेबावन्न तोळे चांदीचा निसाब धरला, तर अस्सल जुने ५८ रुपये साठले की तो पूर्ण होतो, आणि हे पत्र्याच्या डब्याला कुणी विचारत नाही. हिशेब धातूचा धरायचा की बाजारभावाचा, हे आपापल्या मसलकाच्या आलिमांना विचारावे. वाटणीआधी करायचे काम मात्र सोपे आहे. नाणी घासायची नाहीत. प्रत्येकाचा दोन्ही बाजूंनी फोटो, काट्यावर ग्रॅममध्ये वजन, चुंबकाची चाचणी, आणि वाचता येईल तेवढा मजकूर वहीत. मग एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन-तीन व्यापाऱ्यांना तीच यादी दाखवायची. शक्य असेल तर आधी फोर्टातल्या सर पी. एम. रोडवरच्या रिझर्व्ह बँकेच्या नाणे संग्रहालयात एक फेरी मारायची, म्हणजे आपल्या डब्यातले काय साधे आणि काय वेगळे याचा अंदाज येतो. भाव आल्यावर यादीची एकेक प्रत सगळ्या भावंडांना, बहिणींनाही.